पाणीवाल्या बाईंची शिकवण

(मंडळाच्या गणेशोत्सवात तिसऱ्या दिवशी संध्याकाळी झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



गेली पंचवीसएक वर्षं मी या उत्सवात मोदकांच्या समितीत आहे. उकड काढणं, सारण करणं आणि कळ्या नीट पडल्या नाहीत तर नव्या सुनांना रागावणं, एवढंच माझं काम. यंदा समितीनं सांगितलं, "काकू, मोदक पुरे, आता व्याख्यान द्या." विषय दिला 'समाजसेविका आणि राजकारण'. मी म्हटलं, राजकारणातलं मला काही कळत नाही. पण समाजकारणातून राजकारणात गेलेल्या एका बाईंना मी लहानपणापासून पाहिलंय. त्यांच्याबद्दल बोलू का? समिती हो म्हणाली. तेव्हा आज मी मृणाल गोरे यांच्याविषयी बोलणार आहे. शेवटी थोडं स्वतःविषयी बोलेन आणि थोडं आपल्या सगळ्यांविषयी. ते शेवटचं कदाचित कडू लागेल. प्रसादाचा मोदक जवळ ठेवा.

माझं माहेर गोरेगावचं. हे गोरेगाव मुंबईचं एक उपनगर. आज तिथं गगनचुंबी इमारती आणि मॉल आहेत. मी लहान होते तेव्हा तिथं आरे कॉलनीची हिरवळ होती, चाळी होत्या आणि पाण्याची बोंब होती. आई पहाटे उठून नळावर नंबर लावायची. मी पाच-सहा वर्षांची झाल्यावर नंबर राखायला कळशीशेजारी मला बसवू लागली. त्या रांगेतच मी पहिल्यांदा 'मृणालताई' हे नाव ऐकलं. बायका म्हणायच्या, "मृणालताई कॉर्पोरेशनात भांडतायत, येईल पाणी."

मृणालताईंचा जन्म २४ जून १९२८ चा. माहेरचं आडनाव मोहिले. त्या डॉक्टर होण्यासाठी शिकत होत्या. शिक्षण अर्धवट सोडून त्या राष्ट्र सेवा दलाच्या आणि समाजवादी चळवळीच्या कामात पडल्या. १९४८ साली त्यांनी केशव ऊर्फ बंडू गोरे यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. दोघांनी गोरेगावात संसार मांडला, तो सार्वजनिक कामासकट. महिला मंडळ आणि कुटुंबनियोजन केंद्र ही त्यांची सुरुवातीची कामं. त्या काळात 'कुटुंबनियोजन' हा शब्द चार बायकांत उच्चारायलाही धीर लागायचा. मृणालताई तो घरोघरी जाऊन उच्चारत.

१९५८ साली बंडू गोरे गेले. मृणालताई तेव्हा तिशीच्या होत्या आणि पदरात लहान मुलगी होती. अशा वेळी घरचे आणि बाहेरचे सगळे एकच सल्ला देतात, आता घर सांभाळ. त्यांनी घरही सांभाळलं आणि कामही. नवऱ्याच्या नावानं गोरेगावात केशव गोरे स्मारक ट्रस्ट उभा राहिला. १९६१ साली त्या मुंबई महानगरपालिकेवर निवडून गेल्या. तिथं त्यांनी पाण्याचा प्रश्न असा लावून धरला की लोकांनी त्यांचं नावच पाडलं, 'पाणीवाली बाई'. पुढाऱ्यांना पदव्या पुष्कळ मिळतात, पण असली पदवी हंडा डोक्यावर घेणाऱ्या बायकाच देतात.

मग आलं १९७२ साल. महाराष्ट्रात मोठा दुष्काळ, महागाई आकाशाला भिडलेली, रेशनवर साखर मिळेना, तेल मिळेना, रॉकेल मिळेना. त्याच साली मृणालताई समाजवादी पक्षातर्फे विधानसभेवर निवडून गेल्या. पण विधानसभेत जाऊन बसल्या आणि रस्ता सुटला असं झालं नाही. त्या, कम्युनिस्ट पक्षाच्या अहिल्याताई रांगणेकर, समाजवादी प्रमिलाताई दंडवते आणि इतर अनेक पक्षांच्या बायकांनी मिळून महागाईविरुद्ध संयुक्त महिला आघाडी उभारली. पुरुषांचे पक्ष एकमेकांचं तोंड पाहत नव्हते आणि त्यांच्याच बायका हातात हात घालून मोर्चे काढत होत्या. शस्त्र काय, तर लाटणं! थाळी वाजवायची आणि लाटणं उगारायचं.

मी पंधरा वर्षांची होते. आमची आई कधी एकटी स्टेशनपलीकडे न गेलेली. एक दिवस तिनं स्वयंपाकघरातलं लाटणं पिशवीत टाकलं आणि वडिलांना म्हणाली, "मोर्च्याला चाललेय, भात आमटी झाकून ठेवलीय." वडील काही बोलले नाहीत. त्यांना सुचलंच नाही. रात्री आई परत आली, घसा बसलेला, पाय सुजलेले. हातपाय धुतले आणि त्याच लाटण्यानं पोळ्या लाटायला बसली. मी विचारलं, "काय झालं तिकडं?" ती म्हणाली, "काही नाही गं, मंत्र्याला भाव सांगून आलो." पण तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

पुढचं तुम्हांपैकी ज्येष्ठांना आठवत असेल. १९७५ ची आणीबाणी. मृणालताई भूमिगत झाल्या, नंतर पकडल्या गेल्या आणि तुरुंगात गेल्या. १९७७ च्या निवडणुकीत उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या. तेव्हाची घोषणा गाजली होती, "पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में." या दिल्लीच्या परिसरात आज निम्म्या सभेला ती हिंदीतून जास्त चांगली कळेल!

१९८५ साली त्या पुन्हा राज्याच्या विधानसभेत आल्या आणि १९८८-८९ या काळात विरोधी पक्षनेत्याही होत्या. दिल्ली पाहून आलेला माणूस पुन्हा राज्यात परतणं म्हणजे उतरंड, असं आपण समजतो. मला वाटतं, घरातल्या बाईचं आयुष्य ज्यांवर उभं असतं त्या गोष्टी बहुतेक राज्याच्याच हातात असतात. नळ, रेशन दुकान, पोलीस चौकी, सरकारी दवाखाना. त्यांचा जाब तिथंच विचारावा लागतो.

आता त्यांच्या कामातल्या ज्या भागासाठी मी आज उभी आहे, तिकडं येते.

गोरेगावात १९८३ साली 'स्वाधार' सुरू झालं. सासरी छळ होणाऱ्या, टाकून दिलेल्या, हुंड्यासाठी मार खाणाऱ्या बायकांनी कुठं जायचं? माहेरी गेल्या तर "नांदायला जा", पोलिसांत गेल्या तर "घरगुती मामला आहे". त्याच १९८३ साली भारतीय दंडविधानात ४९८-अ कलम आलं आणि विवाहितेचा छळ हा गुन्हा ठरला. पण कलम पुस्तकात असतं आणि बाई असते दारात, हातात एक पिशवी आणि कडेवर मूल घेऊन. या दोघांच्या मधे उभं राहणारं कुणीतरी लागतं. तिचं म्हणणं पूर्ण ऐकून घ्यायचं, नवऱ्याला आणि सासूलाही बोलवायचं, घरी जाऊन पाहायचं, स्त्रीधनाची यादी करायची, समेट होण्यासारखा असेल तर लेखी करायचा, नसेल तर वकील गाठायचा. हे काम वर्तमानपत्रात येत नाही. एकेका घराला सहा-सहा महिने लागतात.

आणि याच दशकात एक नवंच संकट उभं राहिलं. गर्भजल परीक्षा. मुळात ती बाळातले दोष शोधण्यासाठी होती, पण मुंबईत ती मुलगा की मुलगी हे सांगण्यासाठी खुशाल चालू लागली. "आज पाचशे रुपये खर्च करा आणि पुढचे पन्नास हजार वाचवा," अशा अर्थाच्या जाहिराती उघड लागत. पन्नास हजार म्हणजे हुंड्याचे, हे सांगावं लागत नसे. १९८६ साली डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली. त्यांतले ४२ जण लिंगनिदानासाठी ही परीक्षा करत होते. हे गल्लीबोळातले वैदू नव्हते, पदवीधर डॉक्टर होते. आणि त्यांच्याकडे जाणारे बरेच लोक सुशिक्षित, पगारदार होते. म्हणजे, आपल्यासारखेच.

मुंबईतल्या स्त्री संघटना, डॉक्टर आणि कार्यकर्ते यांनी याविरुद्ध मंच उभारला. निदर्शनं झाली, लेख आले. पण कायदा रस्त्यावर होत नाही, सभागृहात होतो. मृणालताईंनी विधानसभेत या चाचणीवर बंदी घालणारं अशासकीय विधेयक मांडलं. अशासकीय म्हणजे मंत्र्यानं नव्हे, साध्या आमदारानं मांडलेलं. अशी विधेयकं फारच क्वचित मंजूर होतात. मग मांडायची कशाला? कारण विधेयक मांडलं की सरकारला उभं राहून उत्तर द्यावं लागतं आणि ते उत्तर कामकाजाच्या नोंदीत राहतं. "आम्हाला माहीत नव्हतं" असं पुढं म्हणता येत नाही. बाहेरून चळवळीचा रेटा आणि आतून हा प्रश्न, अशा दोन्ही बाजूंनी सरकार हललं आणि १९८८ साली महाराष्ट्रानं प्रसूतिपूर्व लिंगनिदानाला आळा घालणारा कायदा केला. असा कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य.

इथं टाळ्या वाजवायला हरकत नाही. पण लगेच थांबा, कारण आता माझी गोष्ट येते.

मी १९७९ साली लग्न होऊन फरिदाबादला आले. यजमान इथल्या कारखान्यात होते. आपण पंधरा-वीस मराठी कुटुंबं तेव्हा एकमेकांना धरून राहत होतो. १९८९ सालची गोष्ट. आपल्यातलीच एक मुलगी, आता तिचं नाव, गाव, काहीच सांगणार नाही आणि तुम्ही अंदाजही बांधू नका, एका दुपारी माझ्याकडं आली. पहिली मुलगी होती, दुसऱ्यांदा दिवस गेले होते. घरचे 'तपासायला' न्यायचं म्हणत होते. ती म्हणाली, "वहिनी, मला नाही जायचं. तुम्ही आमच्याकडं येऊन एकदा बोलाल का? तुमचं ऐकतील."

मी काय म्हटलं असेल? लाटणं घेऊन मोर्च्याला गेलेल्या आईची मी मुलगी. मी म्हटलं, "अगं, हा तुमच्या घरातला प्रश्न. मी मधे पडले तर मंडळात वाईटपणा येईल. तूच नीट समजावून सांग." चहा केला, तिनं अर्धा घेतला आणि गेली.

आठ दिवसांनी ती त्या दवाखान्यात जाऊन आली होती. मुलगी होती. त्या वर्षीच्या गणपतीत ती आरतीला उभी होती आणि मी तबक फिरवत तिच्यापुढं गेले. तिनं ज्योतीवर हात धरले, डोळ्यांना लावले आणि माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. नव्हता.

पुढं दिवाळीला भावानं फराळाचा डबा पाठवला. चकल्यांखाली घातलेल्या जुन्या मराठी वर्तमानपत्रात या कायद्याविषयी आलं होतं. तेलाचे डाग पडलेल्या त्या कागदावर मी वाचलं की महाराष्ट्रात हे बंद झालंय. म्हणजे ती मुलगी गोरेगावात असती तर तिच्या बाजूनं कायदा तरी होता. हरयाणात खासगी दवाखान्याला अडवणारं असं काहीच नव्हतं. देशभरासाठीचा केंद्राचा कायदा १९९४ साली झाला आणि १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला. कायदा नव्हता हे खरं, पण एक शेजारीण होती. ती चहा करून गप्प बसली.

तो कागद मी पुष्कळ वर्षं जपला. त्यानंतर मी इथं महिलांच्या समुपदेशनाचं काम शिकले आणि निवृत्तीच्या वयापर्यंत केलं. तुमच्यातले काही जण म्हणतात, "काकूंना समाजसेवेची आवड." आवड नव्हती हो, देणं होतं.

बंधुभगिनींनो, आता कडू भाग. आकडे सगळे जनगणनेचे आहेत. सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुली किती, तर देशात १९९१ साली ९४५ होत्या, २००१ साली ९२७ आणि २०११ साली ९१९. आपण राहतो त्या हरयाणात २००१ साली ८१९ आणि २०११ साली ८३४. हे ऐकून आपण लगेच म्हणतो, "हे इकडचे लोक असेच." आता महाराष्ट्र ऐका. १९९१ साली ९४६, २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४. वीस वर्षांत हरयाणाचा आकडा तळ गाठून थोडा वर आला. सर्वांत आधी कायदा करणाऱ्या, सावित्रीबाई फुले आणि महर्षी कर्वे यांचं नाव घेणाऱ्या आपल्या महाराष्ट्राचा मात्र घसरतच गेला.

मग कायदा फुकट गेला का? तसं मी म्हणणार नाही. केंद्राचा कायदा होऊनही तो कागदावरच राहिला, तेव्हा २००० साली पुण्या-मुंबईकडच्या 'सेहत' आणि 'मासूम' या संस्था डॉ. साबू जॉर्ज यांच्यासह सर्वोच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयानं सरकारांना फटकारलं, सोनोग्राफी यंत्रांच्या नोंदणीची अंमलबजावणी सुरू झाली आणि २००३ साली कायदा आणखी कडक झाला. आणि मार्च २००६ मध्ये या कायद्याखाली डॉक्टरला तुरुंगवासाची पहिली शिक्षा सुनावली गेली, ती कुठं? पलवलमध्ये. तेव्हा पलवल आपल्याच फरिदाबाद जिल्ह्यात होतं. दोन वर्षांची शिक्षा. त्या दिवशी मी घरात गोड शिरा केला. यजमान म्हणाले, "आज काय विशेष?" मी म्हटलं, "गोरेगावचं पाणी पलवलपर्यंत आलं."

पण मृणालताईंच्या कामातून मी जे शिकले ते असं, की नुसती पाइपलाइन टाकून भागत नाही. नळ घरात यावा लागतो. कायद्याचंही तसंच आहे. विधानसभेत तो झाला, न्यायालयानं तो जागा केला, पण शेवटचे दहा पावलं शेजारणीला चालावे लागतात. जिन्याची दहा पायऱ्यांची वाट. ती मी १९८९ साली चालले नाही.

मृणालताई १७ जुलै २०१२ रोजी गेल्या. गोरेगावात त्यांच्या नावाचा उड्डाणपूल आहे. दिंडोशीला नागरी निवारा परिषदेच्या वसाहतीत सुमारे सहा हजार कुटुंबं राहतात. शहरात साध्या माणसाला परवडेल असं घर मिळावं म्हणून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं भांडून ती उभी केली. गेल्या वेळी माहेरी गेले तेव्हा रिक्षावाल्याला मी विचारलं, "मृणालताई कोण, माहीत आहे का?" तो म्हणाला, "पुलाचं नाव आहे ना ते." मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. मग वाटलं, चालेल. नळ सोडताना तरी कुठं कुणाला त्यांची आठवण येते? पाणी येतंय ना, झालं.

आता मंडळाकडं माझी एकच मागणी आहे. मोर्चा नाही, ठराव नाही, वर्गणीही नाही. मंडळाच्या हॉलच्या मागं जी लहान खोली आहे, जिथं आपण सतरंज्या आणि ढोल ठेवतो, ती महिन्यातल्या पहिल्या शनिवारी दुपारी दोन तास मला द्या. मी आणि आणखी दोघीजणी तिथं बसू. नाव लिहून घेणार नाही, वही ठेवणार नाही. कुणाच्या घरात सून रडत असेल, सासू रडत असेल, हो, सासवाही रडतात, मुलीच्या लग्नात मागण्या वाढत असतील, किंवा कुणाला कुठं 'तपासायला' नेत असतील, तर तिनं यावं. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा आहे, तो आम्ही समजावून सांगू. वकिलाकडं जायचं असेल तर सोबत जाऊ. आणि तिनं "आमच्याकडं येऊन बोलाल का?" असं विचारलं, तर येऊ. मंडळात वाईटपणा आला तरी येऊ.

काल दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार झाला. श्रीफळ द्यायला मीच उभी होते. अकरापैकी आठ मुली होत्या. एकेक पोर पाया पडत होती आणि मी मनातल्या मनात मोजत होते. मला आठ दिसत होत्या आणि एक नववी दिसत होती. ती असती तर आज पस्तिशीची झाली असती. एव्हाना तिचीच मुलगी रांगेत उभी राहण्याच्या वाटेवर असती.

गणपती हा विघ्नहर्ता खरा. पण आपल्या घरातली काही विघ्नं आपणच आणलेली असतात, ती त्याच्या माथी कशाला मारायची? आपण आपल्या वाट्याच्या दहा पायऱ्या चढू या. उरलेलं तो पाहील.

फार वेळ घेतला. खोलीचं उत्तर समितीनं विसर्जनाच्या आत द्यावं, म्हणजे मी ढोल ठेवायला दुसरी जागा शोधून देते.

गणपती बाप्पा मोरया!